पुलाच्या वेळेत घेतलेलं नाव

उपेंद्रभावजींना राग येत नाही, असं अमिरातीतल्या अल ऐनमधली सगळी मराठी मंडळी कौतुकाने सांगतात. कसलं कौतुक! त्यांना येत नाही तेवढा सगळा राग मला येतो, आणि तोही त्यांचाच.

हम्माद नावाच्या इथल्या माणसाच्या व्हिलाचे दोन भाग आहेत. एकात आम्ही, दुसऱ्यात सबनीस, म्हणजे भावजींचं कुटुंब. मधे एक भिंत आणि एक लिंबाचं झाड. माझा नवरा सदानंद रुवैसला रिफायनरीत; आठवडाभर तिकडे, शुक्रवारी संध्याकाळी घरी. त्यामुळे माझं रात्रीचं जेवण बहुतेक सबनीसांकडेच होतं. मी इथल्या एका इंडियन शाळेत गणित शिकवते. उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या पोरांची मला भयंकर चीड आहे, आणि भावजी म्हणजे नेमके तसले. वय पन्नाशीच्या पुढे, एका खाजगी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली.

त्यांचा एक नमुना सांगते. राउंडअबाउटला मागून एक भलीमोठी लँड क्रूझर येऊन त्यांच्या गाडीवर आदळली. डिकी आत गेली. तर हे खाली उतरून त्या माणसाला काय म्हणाले असतील? "सॉरी." पोलीस आला, त्यालाही सॉरी. तो पोलीससुद्धा हसायला लागला. "हबीबी, उसने मारा, तुम क्यों सॉरी?"

गणपतीत तर कहरच. बारा-पंधरा माणसं, बंद घर, आणि भावजी टाळांना हातरुमाल बांधतात! आरती आम्ही जवळजवळ कुजबुजतो. मी एकदा म्हटलं, "भावजी, बाप्पाला तरी ऐकू जाऊ द्या." तर म्हणाले, "वहिनी, आपण पाहुणे आहोत इथे."

हे त्यांचं पालुपद. आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने पंखा मोठा कर म्हणू नये, भाजीत मीठ कमी आहे म्हणू नये. चोवीस वर्षं झाली इथे येऊन, पण यांची पाहुणकी काही संपली नाही.

आणि गंमत म्हणजे यजमानांची तशी मुळीच अपेक्षा नव्हती. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या हॉलमधला एसी गळायला लागला. भावजींनी खाली बादली ठेवली. बादली भरली की झाडाला पाणी, पुन्हा बादली. असा अख्खा उन्हाळा. सप्टेंबरात हम्माद खजूर द्यायला आला आणि त्याचा पाय त्या बादलीवर पडला. छताकडे बघितलं त्याने, भिंतीवर बुरशी चढलेली. मग म्हातारा असा भडकला की बस. त्याचं हिंदी आपल्यासारखंच, मोडकंतोडकं पण कामचलाऊ. "उपेंद्र, मेरे घर में तुम पानी में बैठा, और मुझे नहीं बोला? मैं क्या खराब आदमी है? लोग क्या बोलेगा, हम्माद का किरायेदार बाल्टी लेके घूमता?" दुखावला होता हो तो, मनापासून दुखावला होता. त्या दिवशीच माणूस पाठवून दुरुस्त करून दिला. आणि भावजी त्यालाही सॉरी म्हणाले.

कुंदा, म्हणजे त्यांची बायको, माझी जिवाभावाची मैत्रीण. ती अगदी उलटी, खणखणीत. एका क्लिनिकमध्ये नर्सिंग असिस्टंट होती. क्लिनिक बंद पडलं आणि तिला दुसरीकडे काम मिळेना. तेव्हा आयर्लंडमधले वृद्धाश्रम माणसं भरती करत होते. कुंदाने अर्ज केला, मुलाखत दिली, आणि गेली. "वर्षभरात तुम्हा दोघांना बोलावते," म्हणाली. शुभ्रा, त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा चौदा वर्षांची होती.

त्या वर्षभराची तीन वर्षं झाली. नवऱ्याचा आणि लेकीचा अर्ज कधीचा भरलेला. जेव्हा विचारावं तेव्हा एकच उत्तर, अर्ज विचाराधीन आहे. कुंदा वर्षातून एकदा यायची, पंधरा दिवस राहायची. जायच्या दिवशी शुभ्रा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची. भिंतीपलीकडून मला नळ ऐकू यायचा.

आणि आता खरी पाचर बसली होती. त्या अर्जात मूल म्हणून नाव टिकायचं तर वय अठराच्या आत हवं. शुभ्राला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होणार होती. एकदा का वाढदिवस उलटला, की कागदोपत्री ती कुंदाचं मूल राहणार नाही. मग ती एक सज्ञान परकी मुलगी. तिने तिचा वेगळा अर्ज करायचा, पुन्हा पहिल्यापासून, आणि मिळेल याची खात्री शून्य. आईला पोटची पोर परकी! माझं डोकं नुसतं भणभणायचं.

तेवढ्यात ती सिनेटर आली. आली म्हणजे इथे नव्हे, कुंदाच्या वृद्धाश्रमात. तिथे नोरीन क्विल्टी नावाच्या बाईंची म्हातारी मावशी राहते, आणि कुंदा रोज सकाळी तिची वेणीफणी करते. या नोरीनबाई आयर्लंडच्या सिनेटमध्ये आहेत. सिनेट म्हणजे त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह, आपल्या राज्यसभेसारखं. बाईंनी एकदा सहज विचारलं, तुझी मुलगी कशी आहे? कुंदाने सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, हे मी सभागृहात मांडते.

तिथली पद्धत कुंदाने मला समजावून सांगितली. सकाळी काही सिनेटर एकेक ठराविक प्रश्न मांडतात आणि सरकारकडून मंत्री येऊन उत्तर देतो. उत्तरानंतर सिनेटरला पुन्हा थोडं बोलता येतं, मग मंत्र्याचा शेवटचा शब्द. त्यानंतर वेगळी वेळ असते, त्यात प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. त्यात कुणी देशाचं बोलो, कुणी गावाचं. नोरीनबाईंच्या गावात नदीवरचा जुना पूल धोक्याचा ठरवून बंद केलाय, अँब्युलन्सला लांबचा वळसा पडतो. त्यांची ती दोन मिनिटं पुलासाठी ठरलेली होती. गावाला शब्द दिला होता त्यांनी.

आमचा विषय सकाळच्या प्रश्नात लागला. एकच गोष्ट हवी होती. बाईंच्या सेक्रेटरीने लिहिलं, नुसतं मोघम बोललं तर मंत्री मोघमच उत्तर देतील. एका मुलीचं नाव घेऊन सांगितलं तर त्यांना ती फाईल उघडावी लागेल. मुलगी अजून सज्ञान नाही आणि वडिलांजवळ राहते, तेव्हा वडिलांची संमती हवी.

कुंदाची संमती त्याच दिवशी गेली. भावजी मात्र दोन दिवस गप्प बसले आणि तिसऱ्या दिवशी टायपिंग सेंटरमध्ये गेले. इथे कशालाही एनओसी लागते. गाडी शिकायची, घर बदलायचं, एनओसी आणा. तर हे गृहस्थ ना हरकत पत्र टाईप करून घेऊन आले, खाली सही, आणि मला दाखवायला आणलं. मी वाचलं. सिनेटर मॅडमनी विषय मांडण्यास आमची हरकत नाही, मात्र कुटुंबातील कोणाचंही नाव, शहर वा नोकरीचं ठिकाण सांगू नये.

"भावजी, ही बिननावाची एनओसी झाली! मग हरकत कशाला नाही तुमची? हवेला?"

"वहिनी, परक्या देशाच्या पार्लमेंटमध्ये आपलं नाव? व्हिडिओ असतो त्याचा. उद्या माझ्या हॉस्पिटलमध्ये कुणी गूगल केलं तर?"

"तुमच्या स्टोअरमधल्या सलाईनच्या बाटल्या गूगल करतात का हो?"

ते हसले नाहीत. "आणि तिथलं व्हिसा ऑफिस चिडलं तर? म्हणतील, यांना घाई झाली का? मग मुद्दाम फाईल खाली घालतील. जे काय चालू आहे तेही जायचं. नको, नाव नको."

बोलताना ते पत्राची घडी घालत होते आणि पुन्हा उलगडत होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा सभ्यपणा नाही, ही भीती आहे. चोवीस वर्षं व्हिसाच्या तारखेवर जगलेल्या माणसाची भीती. ती मलाही आहे, खोटं कशाला बोलू. पण माझी भीती तोंडाने बाहेर पडते, त्यांची आत जाऊन बसते. पत्र तसंच गेलं.

भाषणाचा दिवस बुधवारचा. मी शाळेतून अर्धी रजा घेतली. आयर्लंड आपल्यापेक्षा मागे, त्यांची सकाळ म्हणजे आमची दुपार. बाहेर ऊन असं की लिंबाच्या झाडाखाली मांजरसुद्धा नव्हतं. सबनीसांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर भावजी, त्यांच्या शेजारी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये शुभ्रा, आणि मी उभी. मला बसवतच नव्हतं. कुंदा स्वतः सभागृहाच्या वरच्या गॅलरीत जाऊन बसली होती, वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंबरोबर. फोन बाहेर जमा. म्हणजे तिच्याशी आता बोलणं नाही.

सकाळीच सेक्रेटरीचा मेसेज येऊन पडला होता. मत बदललं तर कळवा, अगदी भाषण सुरू असतानाही चालेल. भावजींनी तो वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

पहिला प्रश्न कुठल्याशा शाळेच्या गळक्या छताचा. दुसरा एका बंदरातला गाळ काढायचा. मी चडफडत होते. "अहो, काढा ना तो गाळ आणि आटपा! यल्ला!" शुभ्राने माझा हात दाबला. भावजींनी लॅपटॉपचा आवाज इतका बारीक ठेवला होता की मला वाकून ऐकावं लागत होतं. बंद घर, बंद खिडक्या, आणि आयर्लंडच्या संसदेतला गाळसुद्धा हळू आवाजात.

मग नोरीनबाई उभ्या राहिल्या. ठेंगण्याशा, करडे केस, निळा कोट. बाई चांगलं बोलल्या. आमच्या भागातले वृद्धाश्रम परदेशातून आलेल्या बायकांवर चालतात, त्यांची कुटुंबं वर्षानुवर्षं अडकलीत, त्या कंटाळून निघून जातात, मग आमच्या म्हाताऱ्यांना कोण बघणार. गावचं दुखणंही त्यात आलं आणि देशाचंही. सगळं बरोबर होतं. पण त्यात शुभ्रा कुठेच नव्हती.

उत्तर द्यायला ज्या खात्याचा प्रश्न त्या खात्याचे मंत्री आलेच नव्हते. भलत्याच खात्याचे एक राज्यमंत्री कागद घेऊन आले होते, आणि ते तो कागद वाचत सुटले. सरकारला या कर्मचाऱ्यांबद्दल आदर आहे. अर्ज क्रमाने तपासले जातात. मग कागदावरून डोळे वर करून म्हणाले, वय उलटून जाण्याच्या धोक्याचं म्हणाल, तर असं कुठलंही विशिष्ट प्रकरण खात्याच्या नजरेस आणून दिलेलं नाही. असेल तर सिनेटरनी जरूर सांगावं, आम्ही बघू.

"ऐकलंत?" मी जवळजवळ किंचाळले. "ऐकलंत भावजी? असेल तर सांगा म्हणतोय तो! फोन घ्या. घ्या फोन!"

भावजींनी फोन उचलला. उलटा केला. अंगठा स्क्रीनवर धरून तसेच बसले. कपाळावर घाम, आणि वर एसी फुरफुरतोय.

नोरीनबाई पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात घडी केलेला एक कागद होता. "माझ्याकडे तसं प्रकरण आहे," त्या म्हणाल्या. "पण कुटुंबाने मला नाव घेऊ नका अशी विनंती केली आहे. मी ती मोडणार नाही." आणि त्या थांबल्या. नुसत्या उभ्या राहिल्या. शपथेवर सांगते, मला वाटलं त्या आमचीच वाट बघतायत.

"बाबा," शुभ्रा म्हणाली. या पोरांना मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत देतात. "बाबा, इट्स माय नेम. कॅन आय हॅव इट?"

"बाळा, तुला कळत नाही. आपण—"

"आय नो. पाहुणे." तो एकच शब्द तिने मराठीत म्हटला. "आय वॉज बॉर्न हिअर, अँड आय ॲम अ गेस्ट हिअर. पुण्याला आजीकडे आय ॲम अ गेस्ट. आईकडे गेले तरी गेस्टच. सो टेल मी, बाबा, व्हेअर डू आय टॉक?"

मी ज्या शाळेत शिकवते तिथली अर्धी पोरं हाच प्रश्न घेऊन बसलेली असतात, आणि आम्ही त्यांना हळू बोला म्हणून शिकवतो.

भावजींनी टाईप करायला घेतलं. एक शब्द लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला. स्पेलिंग चुकलं, पुन्हा खोडलं. "राहू दे चुकलेलं, पाठवा!" मी ओरडले. इकडे स्क्रीनवर सभापती म्हणाले की सिनेटरची वेळ संपली. नोरीनबाई खाली बसल्या. राज्यमंत्री उठले, सिनेटरचे आभार मानले, कागद फाईलमध्ये घातला. सभापतींनी पुढचा विषय पुकारला. तेव्हा कुठे भावजींच्या फोनमधून मेसेज गेल्याचा टुक असा आवाज आला.

पुढच्या विषयात कुणीतरी नळाच्या पाण्याबद्दल सांगत होतं.

"खलास," भावजी म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मी घालवलं वहिनी. पोरीने सांगितलं, बायकोने सांगितलं होतं, तुम्ही सांगत होतात. मी घालवलं." मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते, तयार होते ते माझ्या जिभेवर. पण माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. शुभ्रा उठली, आत गेली. थोड्या वेळाने बाथरूमचा नळ सुरू झाला. भावजींनी तो आवाज या भिंतीच्या अलीकडून कितीदा ऐकला असेल, मला माहीत नाही. पण आज ते खुर्चीतून उठू शकले नाहीत.

मग फोन वाजला. मेसेज. सेक्रेटरीचा. भावजींनी वाचला आणि माझ्यापुढे धरला. सिनेटरना तुमचा निरोप मिळाला. थोड्या वेळाने त्यांना दोन मिनिटं आहेत. त्या विचारतायत, हा होकार आहे का? नक्की?

"पण ती दोन मिनिटं पुलाची आहेत," भावजी म्हणाले. बघा माणूस! स्वतःची लेक बुडतेय आणि याला दुसऱ्याच्या पुलाची काळजी. "गावाला शब्द दिलाय त्यांनी. आपल्यामुळे—"

"भावजी," मी म्हटलं, "त्या हम्मादला आठवा. देणारा विचारतोय आणि तुम्ही बादली घेऊन बसलाय."

ते हलले. खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला. या वेळी न थांबता लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. हो, नक्की. नाव शुभ्रा उपेंद्र सबनीस. शहर अल ऐन. वडील उपेंद्र सबनीस, स्टोअरकीपर. सगळं सांगा. आणि पाठवलं. नंतर शेवटी 'सॉरी फॉर द ट्रबल' लिहायला लागले होते, तेवढ्यात मी फोन काढून घेतला.

मग वाट बघणं. वरणभात टेबलावर गार झाला. शुभ्रा तोंड धुऊन येऊन बसली, तिला काय झालं ते सांगितलं, तिने नुसती मान हलवली. बाई येतील का, त्यांच्या पक्षाने अडवलं तर, गावची माणसं पुलाचं ऐकायला गॅलरीत येऊन बसली असतील तर? मधेच चित्र अडकलं, गोल फिरायला लागलं. भावजी उठून राउटरजवळ जाऊन उभे राहिले, जणू हात लावला की चालेल. चाललं.

एकामागून एक सिनेटर उठत होते. कुणी शेतकऱ्यांच्या कुंपणाबद्दल, कुणी क्रिकेटच्या मैदानाबद्दल, आयर्लंडमध्ये क्रिकेट, मला हसूही येईना. आणि मग निळा कोट उभा राहिला.

"आज मी पुलाबद्दल बोलणार होते," नोरीनबाई म्हणाल्या. "माझ्या शेजाऱ्यांना तसं कबूल केलं होतं. ते मला पुढच्या आठवड्यापर्यंत सांभाळून घेतील. मला एका मुलीबद्दल बोलायचंय. तिचं नाव शुभ्रा उपेंद्र सबनीस."

अगदी स्वच्छ म्हटलं हो. शुभ्रातला 'भ' सुद्धा नीट. नंतर कळलं, कुंदाने आठवडाभर आधी मावशींची वेणी घालता घालता बाईंकडून ते नाव घोकून घेतलं होतं. नवऱ्याचा नकार हातात असताना. म्हणजे त्या घडीच्या कागदावर काय होतं ते समजा.

भावजींनी हात लांब केला. मला वाटलं लॅपटॉप बंद करतात की काय! त्यांनी आवाज वाढवला. पार शेवटपर्यंत. खिडकीच्या काचा थरथरल्या असतील. पुढचं सगळं आम्ही त्या मोठ्या आवाजात ऐकलं.

"ती अल ऐनला वडिलांजवळ राहते. वडील उपेंद्र स्टोअरकीपर आहेत. तिची आई आमच्याकडे काम करते. रोज सकाळी ती आमच्या आयांचे, मावशांचे केस विंचरते. माझ्या मावशीचे विंचरते. आपल्या लेकीचे केस तिने तीन वर्षांत मोजक्या सकाळी विंचरलेत. पुढच्या महिन्यात शुभ्रा अठरा वर्षांची होईल, आणि हे सरकार तिच्या आईला सांगेल, ही आता तुझी कुणी नाही. मंत्री म्हणाले, प्रकरण असेल तर सांगा. सांगितलं." सभापतींनी घंटी वाजवली, वेळ संपली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तिचं नाव मी परत सांगते, म्हणजे लिहून घेणाऱ्यांची चूक व्हायला नको." आणि परत सांगितलं.

शुभ्रा वडिलांच्या दंडाला धरून बसली होती. तिचे ओठ हलत होते, स्वतःचंच नाव पुटपुटत होती बहुतेक.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. भावजींना रोज वाटायचं, हॉस्पिटलमध्ये कुणीतरी बोलावून घेणार. कुणी बोलावलं नाही. एकदा त्यांच्या फार्मासिस्ट युसुफने कुठूनतरी तो व्हिडिओ पाहिला आणि येऊन त्यांना मिठी मारली, त्याची दोन पोरं केरळात. वाढदिवस जवळ येत चालला. मी रोज सकाळी शाळेत जाताना भिंतीवरून विचारायचे, "काही?" ते मान हलवायचे.

वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात, मी नववीचे पेपर तपासत होते, भिंतीवर धपाधप हात आपटल्याचा आवाज आला. धावत गेले. कुंदाचं ईमेल आलं होतं. शुभ्राचं मंजूर. भावजींचं अजून विचाराधीन. भाषणामुळे झालं की तिचा क्रमच आला होता, देव जाणे. भावजी म्हणाले, "बाईंमुळेच." शुभ्राचं नाव घेतलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात झालेलं पुलाचं भाषणही त्यांनी हॉस्पिटलातून अर्धा दिवस रजा काढून ऐकलं होतं. आता ते त्या पुलाची बातमी रोज शोधतात. डागडुजीचं टेंडर निघालं तेव्हा पेढे वाटायचेच राहिले होते.

दुबईच्या एअरपोर्टवर सोडायला आम्ही तिघं गेलो, सदानंद, मी आणि भावजी. शुभ्रासाठी जाड कोट घेतला होता. तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये, असं भावजी वाटेत दोनदा म्हणाले. इथल्या उकाड्यात तो अंगावर घालता येईना म्हणून हातावर टाकून आणला होता. निरोपाच्या वेळी दोघंही अवघडल्यासारखी उभी. तिने वाकून नमस्कार केला, यांनी डोक्यावर हात ठेवला. "इट्स ओके, बाबा. यू आर नेक्स्ट. इन्शाल्ला." मग ती बॅग ओढत आत गेली, पासपोर्टच्या रांगेकडे, आणि काचेच्या दारांच्या पलीकडे गर्दीत दिसेनाशी व्हायला लागली.

तेव्हा मला दिसलं, कोट भावजींच्याच हातावर होता.

मी काही म्हणायच्या आत ते पुढे धावले. "शुभ्राऽऽ!" बाप रे, काय आवाज तो! इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता. "शुभ्रा उपेंद्र सबनीसऽऽ!" पूर्ण नाव, त्या बाईंनी घेतलं होतं तसं. अख्खा हॉल थांबला. एक बाळ दचकून रडायला लागलं. सिक्युरिटीतली एक नबिला नावाची बाई, छातीवर पाटी होती, लगबगीने आमच्याकडे यायला निघाली. पलीकडे शुभ्रा वळली, रांग सोडून परत आली, आणि नबिलानेच मधे उभं राहून तो कोट तिच्याकडे दिला.

शुभ्राने तो तिथेच घातला. बाहेर एवढा उकाडा असताना, वरपर्यंत गुंड्या लावून, हसत आणि रडत. मग गेली.

आजूबाजूचे सगळे आमच्याकडे बघत होते. मी भावजींकडे पाहिलं, आता म्हणतील, आता म्हणतील म्हणून वाट बघत राहिले. पण ते रिकाम्या हाताने काचेकडे बघत नुसते उभे होते. त्यांनी कुणालाही सॉरी म्हटलं नाही.